सहाव्या सिलेंडरचा उपास

नोव्हेंबरातला पहिला शनिवार, सकाळ. ठिकाण: तुझं गॅरेज, फ्रिस्को, टेक्सास. हजर: तुझी ईरा, समोरच्या घरातला डेल, मी. गैरहजर: तू.

ताई, कुठल्याही कामाची सुरुवात मी अशीच करतो हे तुला माहीत आहे. ऑफिसातली मीटिंग असो की घरचा गणपती, आधी वार, मग कोण आहे आणि कोण नाही. तू हसायचीस. "नंद्या, माझ्या तेराव्यालासुद्धा तू हजेरी घेशील," म्हणायचीस. घेतली.

आता मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर लिहून द्यायचं आहे. संपादकबाईंनी फोनवर बजावलं, "ताईंच्या इंजिनाचा तो उपासाचा किस्सा नक्की घ्या हं, लोकांना फार आवडतो." मी हो म्हणालो. किस्सा घेतोय. फक्त लोकांना आवडतो तसा तो आता मला सांगता येत नाही.

शनिवारी डेल आला होता तो जुनं इंजिन न्यायला. तू आजारी पडायच्या आधीच ते त्याला देऊन टाकायचं ठरलं होतं. त्याने पिकअप उलटी करून गॅरेजच्या दाराशी लावली, टोपी काढली आणि बराच वेळ तुझ्या गाडीकडे बघत राहिला. रंग न दिलेली, छप्पर खाली आणलेली, पुढचा जबडा रिकामा. एका बाजूला स्टँडवर तुझं जुनं फ्लॅटहेड, चादरीखाली. दुसऱ्या बाजूला नव्या इंजिनाचं लाकडी खोकं, अजून न उघडलेलं. दोन्हींच्या मधे मी, हातात यादी घेऊन. पहिलं काम: इंजिन डेलच्या गाडीत चढवणे.

ज्यांनी तुझं गॅरेज पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, तू कंटाळशील. हॉट रॉड म्हणजे आपल्या आजोबांच्या काळातल्या गाडीचा सांगाडा घ्यायचा, त्याला हवा तसा कापायचा, जोडायचा, आणि त्यात दणकट इंजिन बसवायचं. भावजी गेल्यावर त्यांची गाडी विकली आणि गॅरेजची ती बाजू मोकळी झाली. सगळ्यांना वाटलं तू तिथे तुळशीच्या कुंड्या लावशील. तू गंजलेला सांगाडा आणलास. तेव्हा तू रिटायर होऊन वर्षही झालं नव्हतं.

सांगाड्यात कुठलं इंजिन घालायचं यावर आपण दोघं भांडलो. तुझ्याकडे जुनं, आठ सिलेंडरचं व्ही-एट होतं. त्याचे व्हॉल्व्ह सिलेंडरच्या शेजारी, खालच्या ब्लॉकमध्येच असतात, म्हणून वरचं हेड डब्याच्या झाकणासारखं सपाट. फ्लॅटहेड नाव त्यावरून. माझं म्हणणं होतं नवं घे. खोक्यात बंद येतं, तयार, वॉरंटीसकट. कॉम्प्युटर पेट्रोलचं माप बघतो, एसी चालतो, टेक्सासच्या उन्हात गरम होऊन हायवेवर बंद पडत नाही.

"बंद पडलं तर मी उतरून चालू करीन," तू म्हणालीस.

"आणि नाही झालं तर फोन कोणाला येणार?"

"तुला. तू ये यादी घेऊन."

"ताई, सिरियसली सांगतोय. वय बघ."

"कोणाचं? इंजिनाचं की माझं?"

मी तक्ता केला. एका बाजूला जुनं, एका बाजूला नवं, अकरा मुद्दे, प्रत्येकाला गुण. नवं भरघोस जिंकलं. तू चष्मा वर करून तो नीट वाचलास आणि परत दिलास. "छान आहे. पण नवं बिघडलं तर त्याला लॅपटॉप लावावा लागतो. लॅपटॉप सांगणार, मी ऐकणार. हे जुनं मला उघडून बघता येतं."

त्या दिवशी तू मला कॉलेजची गोष्ट सांगितलीस. मेकॅनिकलच्या वर्गात तुम्ही दोन मुली. इंजिनाच्या लॅबमध्ये पाने-हातोड्या मुलांच्या हातात आणि वही तुमच्या. सर म्हणायचे, तुम्ही रीडिंग्ज घ्या, तुमचं अक्षर चांगलं आहे. चार वर्षांत तू एकही हेड उघडलं नाहीस. मग इथे येऊन एम.एस. केलंस, पस्तीस वर्षं नोकरी केलीस, तीही डिझाइनमध्ये, कागदावर आणि स्क्रीनवर. "हात काळे करायचे राहून गेले रे," तू म्हणालीस. मी मान हलवली. ऐकलं असं मला वाटलं.

मागच्या वर्षीची खंडेनवमी. तू म्हणालीस, यंदा हत्यारांची पूजा गॅरेजमध्ये. मंडळातली तीस-एक माणसं आली. पाने, हातोड्या, टॉर्क रेंच पाटावर ओळीने मांडले होते, आणि मधोमध स्टँडवर इंजिन, झेंडूची माळ घातलेलं. कार्बुरेटर आणि त्याच्या खालचा भाग साफ करायला तू काढून ठेवला होतास. त्यामुळे हवा आत जायची भोकं वरून उघडी होती. त्यांच्यावर आईच्या जुन्या साडीचं फडकं होतं. पूजेच्या वेळी तूच ते काढलंस. "पूजा लोखंडाची करायची, फडक्याची काय करायची?"

रांग लागली. हळद, कुंकू, फूल, अक्षता. तू दोनदा म्हणालीस, "अक्षता खाली टाका हं, पाटावर, वर नको." पण पूजा म्हटली की माणसाचा हात देवाच्या डोक्याकडेच जातो. शिवाय मागून मी ओरडत होतो, "चला चला, पटापट, मसाले भात गार होतोय." एका काकूंनी तर दोन्ही हातांनी वाहिल्या. नंतर तू टॉर्च घेऊन चिमट्याने दाणे वेचत बसलीस. मी म्हणालो, "आशीर्वाद आहेत, राहू देत." तूही हसलीस. बरेच निघाले होते. सगळे निघाले असं आपल्याला वाटलं.

डिसेंबरात तू कार्बुरेटर परत बसवलास आणि इंजिन स्टँडवरच फिरवून प्रत्येक सिलेंडरमध्ये दाब किती धरतो ते मोजलंस. मी लिहून घेत होतो. सात आकडे जवळजवळ सारखे. सहाव्याचा निम्म्याहून कमी. तू पुन्हा मोजलंस. तेवढाच.

तू सिलेंडरमध्ये थोडं तेल सोडून तिसऱ्यांदा मोजलंस आणि म्हणालीस, "पिस्टनच्या रिंगा ठीक आहेत. व्हॉल्व्ह नीट बसत नाहीये. वरचंच काहीतरी आहे. हेड उघडून बघते."

मी म्हणालो, "किती वेळा उघडणार आहेस? आकडा समोर आहे ना. आकडा लिहिला, विषय संपला."

तुझा चेहरा तेव्हा कसा झाला ते मला आठवत नाही. मी कागदाकडे बघत होतो.

मग संक्रांतीचा कार्यक्रम. जेवणाच्या टेबलावर कोणीतरी विचारलं, "काय ताई, गाडी कुठवर आली?" तू उत्तर द्यायच्या आत मी म्हणालो, "ताईचं इंजिन फार धार्मिक आहे हो. आठातलं एक सिलेंडर कायम उपास करतं." सगळं टेबल हसत सुटलं. अण्णाकाकांना ठसका लागला. शेजारच्या टेबलावरून माणसं विचारायला आली, काय झालं, काय झालं. मला तो विनोद तीन वेळा सांगावा लागला आणि दर वेळी त्यात भर पडली. साबुदाणा घाला म्हणाले कोणी. एकादशी की संकष्टी, कोणी विचारलं. तूही हसलीस, ताई. चांगली मोठ्याने हसलीस. म्हणून मला वाटलं सगळं ठीक आहे.

त्यानंतर मंडळात तुला कोणी गाडीबद्दल विचारलं की ते उपासाबद्दलच असायचं. मार्चमध्ये तू मला फोन केलास. "मागव तुझं ते खोक्यातलं." मी विचारलं, "नक्की?" तू म्हणालीस, "हो रे. बोटं पण दुखतात आता." त्याच संध्याकाळी मी ऑर्डर दिली. तुझं मन बदलायच्या आत.

बोटं दुखत होती हे खरं. संधिवात होता. पण त्याच बोटांनी तू मे महिन्यात गाडीची दारं बसवलीस. हे मला तेव्हाही दिसत होतं.

जुलैमध्ये ते शेवटचं दुखणं निघालं आणि गॅरेज बंद झालं. खोकं ऑगस्टमध्ये आलं. हॉस्पिटलमध्ये मी तुला फोटो दाखवला. तू विचारलंस, "वॉरंटी कधीपासून धरतात रे, आल्यापासून की उघडल्यापासून?" मी म्हणालो, उघडल्यापासून. "मग उघडू नकोस इतक्यात," तू म्हणालीस. तुला बरं होऊन स्वतः उघडायचं आहे असा मी त्याचा अर्थ लावला. बाहेर येऊन ईराला तसंच सांगितलं. आई एक्सायटेड आहे म्हणालो.

आता परत शनिवारी येतो.

डेल साखळी लावायला लागला तेव्हा ईरा मधे आली. तिने तुझा निळा डगला घातला होता, बाह्या दुमडून. म्हणाली, "मामा, वेट. आईला हे ओपन करून बघायचं होतं. जायच्या आधी वन टाइम बघू या."

मी यादी दाखवली. डेलला दुपारी काम आहे, अमुकतमुक.

"मला काही घाई नाही," डेल म्हणाला आणि साखळी खाली ठेवून दिली.

तू तिला शिकवलं होतंस हे मला माहीतच नव्हतं. तिने बोल्ट ओळीने सोडवून एका पुठ्ठ्यावर खोचून ठेवले. डेलने हेड उचलायला हात दिला. ईराने हाताने इंजिन हळूहळू फिरवलं. व्हॉल्व्ह वर येत होते, खाली बसत होते. सहाव्या सिलेंडरचा एक व्हॉल्व्ह पुरता खाली बसेना. केसभर वर राहायचा. तिने तो वर आणला, टॉर्च धरला, आणि चिमटा आत घातला. मग चिमटा माझ्यासमोर धरला.

"मामा, इज धिस… राइस?"

चपटा झालेला, तेलाने काळवंडलेला, आणि एका टोकाला अजून तांबडा.

डेल वाकून बघत म्हणाला, "तुम्ही लोकांनी याला जेवू घातलं?" आणि मोकळेपणाने हसला. मग आमच्या दोघांकडे बघून थांबला. ईरा त्याला इंग्रजीत समजावून सांगायला लागली, की आम्ही वर्षातून एकदा हत्यारांना नमस्कार करतो आणि तांदूळ वाहतो. तिने ते फार नीट सांगितलं. माझ्याच्याने एवढं नीट झालं नसतं.

माझ्या डोक्यात तेव्हा काय चाललं होतं ते लिहायलाच हवं. पहिला विचार तुझा आला नाही. पहिला विचार आला, उपासाच्या सिलेंडरच्या तोंडात भात. म्हणजे आणखी एक विनोद. पहिल्यापेक्षा चांगला. माझ्या ओठांवर तो आलाही होता. मग मला तुझा आवाज आठवला, वरचंच काहीतरी आहे, हेड उघडून बघते, आणि मी पाठ फिरवून पिकअपशी जाऊन उभा राहिलो.

तू बरोबर होतीस. तुला फक्त अर्धा दिवस आणि माझं तोंड बंद हवं होतं. चार वर्षं कॉलेजने जे केलं तेच मी तुझ्या स्वतःच्या गॅरेजमध्ये केलं. रीडिंग घे, पाना ठेव.

डेलने इंजिन नेलं नाही. "हे चांगलं आहे," म्हणाला. "आधी तुम्ही घरात ठरवा. मी समोरच राहतो." पिकअप रिकामी परत गेली, रस्ता ओलांडून, चाळीस पावलं.

इथेच सगळं थांबलं असतं तर कदाचित तुझ्या नजरेला नजर देता आली असती. पण दुसऱ्या दिवशी, रविवारी, मंडळाने तुझी शोकसभा ठेवली होती. हजेरी घेतली नाही. हॉल भरला होता. बरीच माणसं बोलली आणि चांगलं बोलली. विद्यार्थी म्हणून नव्याने आलेल्या पोरांना तू एअरपोर्टवरून आणायचीस, पहिली थंडी पडायच्या आत जॅकेटं द्यायचीस, हे मला निम्मं माहीतही नव्हतं. नागपूरची एक मुलगी रडली. मग अण्णाकाका उठले.

"आमच्या ताई म्हणजे किती खिलाडू! त्यांच्या इंजिनाचा तो उपास आठवतोय ना?" आणि त्यांनी सबंध किस्सा सांगितला, साबुदाण्यासकट. हॉल हसला. रडून झाल्यावर माणसं हसतात तसं, मन मोकळं करून. आणि सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं, कारण विनोद माझा होता.

ताई, मला माहीत होतं. आदल्याच दिवशी तो दाणा मी डोळ्यांनी बघितला होता. मला उभं राहून दोन वाक्यं बोलायची होती: इंजिन चांगलं होतं, तांदूळ आपण टाकले होते. तेवढीच. मी हसलो. हात जोडून मान लववली, टाळ्या मिळाल्यासारखी.

परत येताना गाडी ईरा चालवत होती. सिग्नलला थांबली तेव्हा रस्त्याकडे बघत म्हणाली, "यू स्माइल्ड."

"सगळे हसत होते गं."

"सगळ्यांना माहीत नव्हतं."

सिग्नल हिरवा झाला. मागच्याने हॉर्न दिला, तरी ती थांबलेलीच होती. मग म्हणाली, "मामा, मला फक्त एक सांग. गाडीत कुठलं घालायचं? कुठलं बेटर आहे ते नको. आईला कुठलं हवं होतं?"

ते मी अजून शोधतोय. तू "मागव" म्हणालीस ते बोटं दुखत होती म्हणून, की हसणं नकोसं झालं म्हणून? "उघडू नकोस इतक्यात" ते स्वतः उघडायचं म्हणून, की परत पाठवता यावं म्हणून? माझ्या सोयीचा अर्थ मी दोन्ही वेळा लगेच लावला आणि पुढच्या कामाला लागलो. तुला विचारायला मला एक मिनिट लागलं असतं. तू माझ्याशी खोटंही बोलली नसतीस, मला तोंडावर खोटं सांगणं तुला जमायचंच नाही. मी विचारलं नाही, कारण उत्तर जुनं आलं असतं तर माझी ऑर्डर रद्द करावी लागली असती.

आता जुनंच बसवून टाकावं असं मनात येतं. सोपं आहे ते. डोळे पुसायचे, फ्लॅटहेड बसवायचं, मंडळाला फोटो पाठवायचा, आणि माझं ओझं उतरलं. पण तेही मीच ठरवल्यासारखं होईल, तुझ्या नावाने. मला लाज वाटते म्हणून तुझ्या गाडीत इंजिन जायला नको. ईराला हे सांगितलं. ती म्हणाली, "ओके. मग आधी ते नीट करू. नीट झालेलं इंजिन आणि नवं इंजिन, दोन्ही समोर ठेवू, आणि मग ठरवू. जुन्याला फेअर चान्स मिळालाच नाही." अकरा मुद्द्यांच्या माझ्या तक्त्यात हे कुठेच नव्हतं.

तू असतीस तर मला बोलली असतीस का, याचा विचार करतो. बहुतेक नसतीस. लहानपणी मी तुझा कंपास मोडला तेव्हा तू आईला सांगितलंस की आपोआप मोडला. तुझा हा चांगुलपणा मी आयुष्यभर वापरला, आणि तुझे आभारही कधी मानले नाहीत, कारण त्यासाठी आधी कंपास मी मोडला हे कबूल करावं लागलं असतं. ते आज मानतो. खूप उशिरा, आणि छापून.

मंडळींनो, सभेत जी दोन वाक्यं बोललो नाही ती वर आली आहेत. किस्सा यापुढे सांगायचा असेल तर तेवढ्यासकट सांगा.

आणि ताई, कामाचं. दाणा निघाला तरी व्हॉल्व्हच्या कडेवर त्याचा डाग बसलाय, आणि तो घासून काढावा लागतो. मशीनने नाही, हाताने. काठीच्या टोकाला रबराची वाटी, ती व्हॉल्व्हला चिकटवायची, कडेला पेस्ट लावायची आणि रवीने ताक घुसळतात तशी ती दोन्ही तळव्यांत फिरवायची, सगळीकडे एकसारखी राखाडी रेघ उमटेपर्यंत. ईराला येतं. मी तिला म्हणालो, तू कर, मी घड्याळ बघून वेळ मोजतो. ती नाही म्हणाली. "धिस वन इज युवर्स, मामा." काठी माझ्या हातात दिली आणि आत चहा करायला गेली.

हेड काढून टेबलावर ठेवलंय, इंजिन स्टँडवर उघडं आहे. पेस्टची डबी शेजारी. तिचं झाकण मी अजून उघडलेलं नाही.